डाव्या गुडघ्याचं कर्ज

हिंमतराव फडतरे नावाप्रमाणे निघाले असते, तर त्या शुक्रवारी सकाळी बादली भरून वाहत असताना ते न्हाणीघरात मोबाईल टॉवेलात गुंडाळून उभे राहिले नसते. फोन टॉवेलातूनही गुरगुरत होता. अजून आठसुद्धा वाजले नव्हते. बाहेरून चंद्रभागाबाईंनी विचारलं, "अहो, पाणी वाहतंय. टँकरचं बिल वाढलं म्हणून सगळ्या सोसायटीला तुम्हीच बोलता ना?"

"बंद करतो," म्हणाले हिंमतराव, आणि नळाऐवजी फोन बंद केला.

पुन्हा चालू केला तेव्हा एक फोटो येऊन पडला होता. फोटो त्यांच्याच सोसायटीच्या गेटाशी लावलेल्या फलकाचा. फलकावरचं अक्षरही त्यांचंच, वळणदार, शाई कुठे सांडलेली नाही: 'खालील सभासदांनी देखभाल खर्च थकवला आहे. लिफ्टमध्ये शिरताना संकोच वाटत असल्यास जिना चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. – खजिनदार.' फोटोखाली मजकूर होता: 'सर, अक्षर फार सुंदर. रविवारी अकराला तुमची सभा आहे, तेही फलकावर वाचलं. येतो. तुमचं नाव मोठ्या अक्षरात छापून आणतो. – अभय.'

हिंमतराव न्हाणीघरातल्या स्टुलावर बसले. म्हणजे हा माणूस पुण्याच्या टोकाला, धायरीत येऊन गेला. गेटापर्यंत आला, उभा राहिला, वाचून हसलाही असेल.

आता हिशेब मांडायचा तर तो असा. हिंमतराव मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर दिवाणजी. आलेल्या ढेपा, वजन, तोलाई, हमाली, शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी, सगळं त्यांच्या हातून जायचं. थोरल्या शेठजींनी पहिल्याच वर्षी एक धडा दिला होता: नंबर पडलेला कागद फाडायचा नाही. चुकला तर आडवी रेघ मारा, 'रद्द' लिहा, जागच्या जागी ठेवा. फाडला की चोर ठरलात, चोरी केली असो वा नसो. हा धडा हिंमतरावांच्या हाडात मुरला होता, आणि त्याच जोरावर ते सोसायटीचे खजिनदार झाले. बावीस बिऱ्हाडांचा पैसा त्यांच्याकडे निर्धास्त होता. त्या बावीस बिऱ्हाडांना निर्धास्त कधी राहू दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तीन वर्षांमागे चंद्रभागाबाईंचे दोन्ही गुडघे एकदम बदलले. विमा कंपनीने मात्र एकच गुडघा मान्य केला. दुसऱ्याबद्दल त्यांचं काहीतरी कलम होतं. बाई त्या वेळी गुंगीत होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा हिंमतरावांनी सांगितलं, सगळं विम्यातून झालं. खरं म्हणजे दुसऱ्या गुडघ्यासाठी त्यांनी एका फायनान्स कंपनीकडून दोन लाख ऐंशी हजार उचलले होते. हप्ते बिनबोभाट चालले होते. मग थोरले शेठजी गेले, धाकटे शुभंकरशेठ गादीवर आले, त्यांनी संगणक आणला आणि म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही आता अर्धा दिवसच या, दगदग नको." दगदगीबरोबर पगारही अर्धा झाला. चार हप्ते थकले. पन्नास रुपयांच्या थकबाकीसाठी लोकांना जिना दाखवणारा माणूस स्वतः चार महिन्यांचा थकबाकीदार झाला, आणि हे जगात त्याच्याशिवाय फक्त कंपनीच्या वसुलीवाल्या अभयला माहीत होतं.

भीती पैशांची नव्हती. पैसे देणं लागतो हे हिंमतराव नाकारत नव्हते. भीती रविवारी अकराची होती. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतील, सगळी बिऱ्हाडं खाली असतील, पहिल्या रांगेत चंद्रभागाबाई असतील, आणि गेटावर आपलं नाव मोठ्या अक्षरात.

त्याच दुपारी आडतीवरचा फोन वाजला. शुभंकरशेठनी उचलला, ऐकला, आणि स्पीकरवर टाकला. गुळाच्या वासाने माश्या घोंघावत होत्या, दोन व्यापारी चहा पीत बसले होते.

"दिवाणजी, कोणी अभय म्हणून आहे. तुमची चौकशी करतोय. तुमचा पगार माझ्याकडे किती, असं विचारतोय."

"नमस्कार सर," फोनमधून गोड आवाज आला. "मोबाईल बंद होता ना, म्हणून इथे केला. तुम्ही अर्जात शेठचा नंबर रेफरन्स म्हणून दिलाय. टेन्शन घेऊ नका, सिंपल आहे."

हिंमतरावांनी स्पीकर बंद केला आणि रिसीव्हर कानाला इतका दाबला की कान दुखला. "मी बाहेरून करतो," एवढंच म्हणाले. व्यापाऱ्यांपैकी एकाने चहा खाली ठेवत विचारलं, "काय दिवाणजी, मुलीबिलीचं स्थळ आलंय का?" दुसरा म्हणाला, "स्थळ आलं की माणूस असा घामाघूम होत नाही." दोघं हसले. हिंमतरावही हसले. आयुष्यात इतकं महाग हसू ते कधी हसले नव्हते.

बाहेर हमालांच्या गाड्यांमध्ये उभं राहून त्यांनी फोन लावला.

"सर, तुमच्यासाठी खास मंजूर करून घेतलंय," अभय म्हणाला. "दंड, व्याज धरून एक लाख साठ होतात. उद्या दुपारपर्यंत एक दहा टाका. फाईल बंद. सेटलमेंट म्हणतात याला. मी नंबर पाठवतो, त्याच्यावर टाका, रविवारी मी घरी झोपतो, तुम्ही सभा घ्या."

"माझ्याकडे एवढे नाहीत."

"सर, खजिनदार आहात."

एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे बोलायची गरजही नव्हती. 

कारण त्याने बोट बरोबर जखमेवर ठेवलं होतं. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, सेक्रेटरीची आणि खजिनदाराची. सेक्रेटरी वैजनाथ कुलकर्णी सहा महिन्यांसाठी नुकतेच मुलीकडे अमेरिकेला गेले होते. जाताना त्यांनी, अशा सोसायट्यांमध्ये करतात तसं, दहा कोऱ्या चेकवर सह्या ठोकून पुस्तक हिंमतरावांच्या हातात दिलं होतं. "तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा हो," असं वर म्हणाले होते. लिफ्ट बदलण्यासाठी जमवलेले सहा लाख खात्यात स्वस्थ पडून होते. लिफ्टवाला दोन महिन्यांनी येणार होता. दोन महिन्यांत माणूस एक लाख दहा हजार कुठूनही उभे करतो, असं ज्याला करायचं असतं त्याला नेहमी वाटतं.

शनिवारी सकाळी चंद्रभागाबाई भाजी आणायला गेल्या. हल्ली त्या सिंहगड रोडच्या बाजारापर्यंत चालत जायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, उजवा बरा आहे, पण डावा म्हणजे सोनं. हिंमतरावांनी कपाट उघडलं. चेकबुक काढलं. पहिल्या चेकवर 'स्वतः' लिहिलं, रक्कम अक्षरी आणि आकडी लिहिली, आणि वैजनाथच्या सहीशेजारी आपली सही केली. सही रोजच्यासारखी आली नाही. 'हिं'वरचा अनुस्वार कागदाबाहेर गेल्यासारखा वाटला. बँक दुपारपर्यंत उघडी होती.

लिफ्टमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नाही. लिफ्टसाठी जमवलेल्या पैशांचा चेक खिशात घेऊन लिफ्टने खाली जायचं त्यांना जमेना. चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरले. तिसऱ्यावर पोचले आणि खिशात फोन वाजला. उचलायला गेले ते हात ओला, बोट कुठेतरी लागलं, आणि अभयचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला.

"सर, निघालात ना? नाही, मी आज जरा तुमच्या मॅडमशी बोलू म्हणत होतो. त्यांचा नंबर पण अर्जात आहे. आणि एक सांगतो, पैसे बुडवल्याबद्दल आमच्याकडून पोलीस केस तयार आहे. सोमवारी उचलतील. वयाला शोभत नाही सर."

हिंमतराव आवाज कमी करायला बटण शोधत होते आणि आवाज वाढत होता. शेवटी त्यांनी फोन बंद केला आणि मान वर केली, तर जिन्याच्या वळणावर निकिता गजभिये उभी. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली.

ही निकिता म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची. नागपूरची, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली तेव्हा सात महिने तिचं नाव हिंमतरावांच्या फलकावर पहिलं होतं. पुढे नोकरी लागली, तिने व्याजासकट सगळं भरलं, पावती मागून घेतली. पण त्या दिवसापासून तिने लिफ्ट वापरली नव्हती. हिंमतरावांशी ती पावतीनंतर एक शब्द बोलली नव्हती.

"वसुलीवाला आहे ना?" तिने विचारलं.

"नाही, ते... ते बँकेचं जरा..."

"काका, माझंही कर्ज थकलं होतं. मी सात महिने हाच आवाज ऐकला. माणूस वेगळा असेल, आवाज एकच असतो." तिने पिशवी पायरीवर ठेवली. "तुमच्या खिशातून काय डोकावून राहिलंय?"

चेक सदऱ्याच्या खिशातून वर आला होता. हिंमतरावांनी तो आत ढकलायला हात नेला. घाईत चेक आत जाण्याऐवजी बाहेर आला आणि पायऱ्यांवरून खाली तरंगत गेला. निकिताने उचलला. वाचला. सोसायटीचं नाव, 'स्वतः', एक लाख दहा हजार. वाचून परत दिला. हिंमतराव पायरीवर बसले. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वटवला?"

"नाही अजून."

"मग बसा. मी पण बसते. माझी मीटिंग साडेदहाला आहे."

आणि ती शेजारी बसली, मधे दुधाची पिशवी. हिंमतरावांनी गुडघ्यापासून अभयच्या रविवारच्या धमकीपर्यंत सगळं सांगितलं. पोलिसांचं विचारलं तर म्हणाली, कर्ज फेडता आलं नाही म्हणून कोणी कोणाला उचलत नाही. कोर्टात जातील, तो त्यांचा हक्क आहे, पण तिथे अभय येत नाही, वकील येतो आणि तुम्हाला आधी नोटीस येते. "तुम्ही त्यांना चेक-बिक दिलेत का आगाऊ? तो बाउन्स झाला तर मात्र वेगळं प्रकरण."

"नाही. खात्यातून परस्पर कापतात. खात्यात पैसे नसले की त्याचा पण दर महिन्याला दंड लागतो."

"ते बघू. त्याने पैसे कुठे टाकायला सांगितले?"

हिंमतरावांनी फोन दाखवला. नंबर होता, त्यावर नाव कोणा भलत्याच माणसाचं.

निकिता हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "काका, तुम्ही आम्हाला पावतीशिवाय रुपया देऊ नका म्हणून शिकवता. हे कंपनीचं खातं आहे का? सेटलमेंटचं पत्र कुठे आहे, कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासकट? हे एक दहा त्याच्या खिशात गेले असते आणि कर्ज होतं तिथेच राहिलं असतं. वर लिफ्टचे पैसे गेले असते. मग तुमचं नाव फलकावर नाही, पेपरात आलं असतं."

हिंमतरावांनी तो नंबर पुन्हा वाचला. मार्केट यार्डात आयुष्य काढलेला माणूस. कोणी असं पट्टीशिवाय पैसे मागितले असते तर त्यांनी त्याला पेढीची पायरी चढू दिली नसती. पण भीती अशी चीज आहे की ती माणसाचा धंदा आधी विसरायला लावते.

"आणि हो, सेटलमेंट केलंत तरी फुकट नसतं," निकिता म्हणाली. "तुमच्या रेकॉर्डवर राहतं, की याने पूर्ण दिलं नाही. पुढे कर्ज मागाल तर आडवं येतं. तुमची नोकरी आहे, पगार कमी झालाय. तर कंपनीलाच लिहा की हप्ता कमी करून मुदत वाढवा. मी तेच केलं होतं."

"आणि याला कसा थांबवायचा?"

"सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर याला फोन करायचा अधिकार नाही. शेठला, काकूंना, शेजाऱ्यांना सांगायचा तर अजिबात नाही. घरी आला तर कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र दाखवलं पाहिजे. हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, माझे नाही. आजच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका, हा मेसेज, हा नंबर, आडतीवरचा फोन, सगळं लिहा. महिनाभरात नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे एक पैसा लागत नाही. फोन आला की रेकॉर्ड करा." ती थांबली. "पण रविवारी तो येईलच. मेल वाचायला सोमवार उजाडतो."

"मग रविवारी मी काय करू?"

"ते मी नाही सांगू शकत."

दुधाची पिशवी उचलून ती उभी राहिली. दार उघडता उघडता म्हणाली, "एक विचारू? हा अभय निदान फोनवर बोलला. तुम्ही तर गेटावर लावलं होतं."

यावर हिंमतरावांना उत्तर सुचलं नाही, आणि ज्याला पुण्यात राहून उत्तर सुचलं नाही तो माणूस किती खचला असेल याचा अंदाज आपण करावा.

ते बँकेत गेले नाहीत. घरी आले, चेक टेबलावर ठेवला. फाडून कचऱ्यात टाकला असता तर कोणाला कळलं नसतं, निकिता सोडून. आणि निकिता बोलली नसती. पण चेकला नंबर होता. हात फाडायला उठला आणि तिथेच अडला. थोरले शेठजी जाऊन वर्ष झालं, तरी त्यांनी धरला असावा. हिंमतरावांनी पट्टी घेतली, दोन समांतर रेघा मारल्या, मधे 'रद्द' लिहिलं, आणि चेक पुस्तकात जागच्या जागी ठेवला. रेघा सरळ आल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की उद्या हिशेब वाचताना हा नंबर वाचावा लागणार.

संध्याकाळी त्यांनी चंद्रभागाबाईंना सांगितलं. बाई शेंगा सोलत होत्या. हिंमतराव आधी पंख्याबद्दल बोलले, मग शुभंकरशेठबद्दल, मग एकदम सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. चेकसुद्धा. बाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"म्हणजे माझा एक गुडघा कर्जाचा?"

"हो."

"कुठला?"

 हा प्रश्न हिंमतरावांनी मनात धरला नव्हता. विम्याच्या कागदावर उजवा लिहिलेला होता.

"डावा," ते म्हणाले.

बाईंनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.  मग म्हणाल्या, "तीन वर्षं मी गावभर मिरवते, डावा सोनं आहे म्हणून. तुम्ही ऐकत होतात आणि गप्प होतात." आणि उठून आत गेल्या. रागावल्या असत्या, भांडल्या असत्या तर हिशेब फिटला असता. रात्री त्यांनी पान वाढलं, शेजारी बसल्या, जेवल्या. पण बोलल्या नाहीत.  मेल मात्र हिंमतरावांनी निकिताने सांगितलं तसा पाठवला, आणि तो गेला की नाही हे परत परत बघत राहिले.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. अध्यक्ष रावसाहेब निंबाळकर मधे बसले. चंद्रभागाबाई पहिल्या रांगेत होत्या, तोंड दुसरीकडे. निकिता मागे खांबाला टेकून उभी. हिंमतरावांनी हिशेब वाचायला घेतला. टँकर, वीज, झाडलोट. आवाज आपला नाही असं त्यांना वाटत होतं. दर ओळीनंतर नजर गेटाकडे जात होती.

मोटरसायकलचा आवाज आला. गेटाशी थांबला.

आता इंटरकॉम बिघडल्यापासून गेटवरच्या भैरूला हिंमतरावांनी एक नियम घालून दिला होता: येणाऱ्याला कारण विचारायचं आणि तिथूनच मोठ्यानं सांगायचं, म्हणजे विक्रेते उगाच आत शिरत नाहीत. भैरू नियमाचा पक्का.

"फडतरे सायेब," तो गेटावरून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दोन माणसं आल्यात तुमच्याकडं. कारण इचारलं तर म्हंत्यात, वसुली हाय."

माना वळल्या. हिंमतरावांनी हिशेबाचा कागद खाली ठेवला. पळून जायला मागे भिंत होती. त्यांनी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. बाई अजून दुसरीकडेच बघत होत्या, पण त्यांनी डावा पाय जरा पुढे केला होता.

"माझ्याकडेच आलेत," हिंमतराव म्हणाले. "मी कर्ज काढलं आहे. चार हप्ते थकलेत. हे घरी माहीत आहे."

इतकं बोलून ते चालत गेटापर्यंत गेले.  अभय वयाने पंचविशीतला निघाला, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. एखाद्या घरचा चांगला मुलगा वाटावा असा. सोबत्याच्या काखेत गुंडाळलेला फ्लेक्स होता.

"सर, सगळ्यांसमोर नको होतं ना हे?" अभय हसत, मोठ्याने म्हणाला. "हे तुमचे खजिनदार..."

"ते मी आत्ताच सांगितलं," हिंमतराव म्हणाले.  "तुमचं ओळखपत्र दाखवा. आणि कंपनीचं पत्र, वसुलीचं. त्यावर तुमचं नाव पाहिजे."

"पत्र ऑफिसला आहे."

"मग ज्या नंबरवर तुम्ही एक लाख दहा हजार टाकायला सांगितले, तो कोणाचा? कंपनीचा नाही तो. मी कंपनीला काल लिहिलंय, तो नंबर टाकून."

अभयचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. मागे निकिता फोन समोर धरून येऊन उभी राहिली होती. "बोला ना," ती म्हणाली. "चालू आहे रेकॉर्डिंग. फ्लेक्स पण उघडा, स्पेलिंग बघू."

सोबत्याने फ्लेक्स दुसऱ्या काखेत घेतला. अभय हिंमतरावांच्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, पैसे तर द्यावेच लागतील. आज ना उद्या. मी नाही तर दुसरा येईल."

"द्यायचेच आहेत," हिंमतराव म्हणाले. "कंपनीला देणार. पावती घेऊन."

मोटरसायकल गेली. हिंमतरावांना वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. झाली नाही. कारण वळून पाहिलं तर बावीस बिऱ्हाडं त्यांच्याकडे बघत होती, आणि हातातल्या पुस्तकात तो चेक होता.

परत येऊन त्यांनी हिशेब तिथूनच पुढे वाचला. आणि शेवटी तो नंबर वाचला, रद्द, आणि चेक रावसाहेबांसमोर धरला. "हा मी लिहिला होता. लिफ्टच्या पैशांवर. वटवला नाही. राजीनामा देतो."

 मग पेंडसेबाईंनी, ज्यांना मागच्या वर्षी साठ रुपयांसाठी फलकावर जागा मिळाली होती, शांतपणे विचारलं, "म्हणजे जिना आता तुमच्यासाठी मोफत का हो, फडतरे?"

काही लोक हसले. रावसाहेब हसले नाहीत. "राजीनाम्याचं नंतर बघू. आधी मला सांगा, वैजनाथच्या कोऱ्या सह्या घ्यायच्या असं ठरवलं कोणी?"

"आपणच, साहेब. मागच्या सभेचा ठराव आहे. वाचू का?"

"नको," रावसाहेब म्हणाले.

शेवटी असं ठरलं की उरलेल्या नऊही चेकवर तिथल्या तिथे 'रद्द' लिहायचं, पुस्तक रावसाहेबांकडे, आणि खजिनदार कोण याचा निर्णय पुढच्या महिन्यात. हिंमतराव टेबलावर वाकून एकेक चेकवर दोन रेघा मारत राहिले आणि लोक खुर्च्या उचलत त्यांच्याकडे बघत राहिले. कोणी पाठीवर हात ठेवला नाही. कोणी थुंकलंही नाही. निकिता जाताना थांबली, गेटावरच्या फलकाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ते जिन्याचं वाक्य पुसून टाका काका. नावं राहू द्या हवं तर."

हिंमतरावांनी भैरूकडून ओलं फडकं घेतलं आणि वाक्य पुसलं. शाई पक्की होती. पूर्ण गेली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर वाक्य वाचता येत होतं.

लिफ्टपाशी चंद्रभागाबाई उभ्या होत्या. लिफ्ट खालीच होती, दार उघडं. हिंमतराव जिन्याकडे वळले. बाईंनी लिफ्टचं दार लावून टाकलं आणि मागोमाग जिन्याशी आल्या.

"तू कशाला? चार मजले आहेत," हिंमतराव म्हणाले.

"बघू तर, कर्जाचा किती चढतो," बाई म्हणाल्या. कालपासूनचं हे पहिलंच वाक्य होतं. त्यांनी डावा पाय आधी टाकला.

पहिल्या मजल्याच्या वळणावर हिंमतरावांच्या खिशात फोन गुरगुरला. ओळखीचा नंबर नव्हता. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि खिशाशीच थांबला. 

चंद्रभागाबाई कठड्याला धरून थांबल्या. दम लागला होता त्यांना.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आधी रेकॉर्डिंग लावा."